कोड नको, वळण सांगा

‘भाऊ, ट्यूनचा कोड टाक ना.’ नांदेड, लातूर, बीड, कुठल्याही गेमिंग ग्रुपवर फोर्झा होरायझन ५ या कार-रेसिंग गेमचा विषय निघाला की चौथा-पाचवा मेसेज हाच असतो. नऊ आकडी कोड येतो, दुसऱ्याने जुळवलेला सेटअप (म्हणजेच ट्यून) गाडीवर चढतो, दोन शर्यती बऱ्या जातात आणि तिसरीत गाडी पुन्हा कुंपण तोडून शेतात. मग शिव्या सेटअप बनवणाऱ्याला. त्याचा दोष नसतो. तो स्टिअरिंग व्हीलवर खेळतो, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी मदत) बंद ठेवून. तुम्ही कीबोर्डवर, जिथे ॲक्सिलरेटर एकतर पूर्ण दाबलेला असतो नाहीतर पूर्ण सोडलेला. त्याच्या पायाला जुळवलेले आकडे तुमच्या बोटाला जुळणार कसे?

म्हणून आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: गाडी वळणात नेमकी कुठे बिघडते? ब्रेक मारून शिरताना, मधोमध, की रेस देऊन निघताना? आणि बिघडते म्हणजे काय होतं? नाक बाहेर पळतं (अंडरस्टिअर) की शेपूट सुटतं (ओव्हरस्टिअर)? ‘गाडी स्लिप होते’ एवढ्यावर कुठलाही मेकॅनिक काही करू शकत नाही, गेममधला तर नाहीच. ट्यूनिंगच्या पडद्यावर नऊ टॅब आहेत: टायर, गिअर, अलाइनमेंट, अँटीरोल बार, स्प्रिंग, डॅम्पिंग, एअरो, ब्रेक, डिफरन्शियल. यातला कोणता उघडायचा हे वळणाचा तुकडा सांगतो.

आधी सामान. टायरमधली हवा कुठल्याही गाडीत बदलता येते, बाकीच्यांना कुलूप असतं. रेस दर्जाचे पुढचे-मागचे अँटीरोल बार, रेस स्प्रिंग-डॅम्पर आणि रेस डिफरन्शियल बसवले की कामाचे जवळजवळ सगळे स्लाइडर उघडतात. गिअरबॉक्स स्पोर्टचा घेतला तर फक्त फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकदम लागू होणारं गुणोत्तर) बदलता येतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ए क्लासची ८०० किंवा एस१ ची ९०० पीआय (गाडीच्या कामगिरीला गेम देतो तो आकडा) ही मर्यादा ओलांडली जात असेल तर इंजिनातला एखादा भाग उतरवा, डिफरन्शियल उतरवू नका. वीस घोडे (हॉर्सपॉवर) कमी चालतील. वळणातून निघताना एकच चाक जागेवर फिरत असेल तर असलेले घोडेही वायाच जातात.

सामान बसवून झाल्यावरच आकड्यांना हात लावा. इंजिन बदललं, चाकं रुंद केली की पुढच्या-मागच्या वजनाची टक्केवारी बदलते आणि खालचं सगळं गणित त्या टक्केवारीवरच उभं आहे.

तपासायला रायव्हल्स मोड बरा. समोर गर्दी नाही, रस्ता तोच, हवामान तेच, सोबत फक्त भूत-गाडी, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या चकरेची सावली. होरायझन मेक्सिको सर्किटवर तीन-तीन चकरा मारा आणि पहिली मोजू नका, तिच्यात टायर थंड असतात. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर गाडीचा आजार दिसतच नाही. गेम आतल्या आत ब्रेक मारून तो झाकत राहतो. टेलिमेट्री, म्हणजे गाडीची मोजमापं चालता चालता दाखवणारा पडदा, चालू ठेवा. तिची दोन पानं कामाची आहेत: टायरचं तापमान आणि सस्पेन्शनची हालचाल. आणि एका वेळी एकच स्लाइडर. दोन हलवले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हवेपासून सुरुवात. सेटिंगमध्ये एकक पीएसआय ठेवा. बारमध्ये २.१ वाचून काही बोध होत नाही. आपल्या पंपावरचा हवावाला ‘पुढे ३०, मागे ३२’ असंच बोलतो. उन्हाळ्यात समृद्धीवर निघण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासायची असते, कारण टायर तापला की आतली हवा दाब वाढवते. ३० पीएसआयच्या आसपास दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतो. गेममध्येही तेच होतं. डांबरी रस्त्याच्या टायरला २८ ते ३० पासून सुरू करा आणि दोन चकरांनंतर गरम टायरचा दाब ३२ ते ३४ च्या दरम्यान येतोय का पाहा. टेलिमेट्री प्रत्येक टायरची तीन तापमानं दाखवते: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य दोन्ही कडांपेक्षा जास्त तापत असेल तर हवा जास्त आहे, टायर मधल्या पट्ट्यावर उभा आहे. अर्धा पीएसआय कमी करा. दोन्ही कडा तापून मध्य थंड असेल तर उलट. मातीच्या शर्यतींना दाब बराच खाली घेतला की टायर पसरून पकड धरतो, पण डांबरावर तीच गाडी स्टिअरिंगला उशिरा उत्तर देते.

कॅम्बर बघायलाही हीच तीन तापमानं. वळणात गाडी झुकते आणि बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर कलतो. तो कललेला असताना टायर रस्त्यावर सपाट बसावा म्हणून उभ्या गाडीत माथा थोडा आत झुकवून ठेवायचा, हा उणे कॅम्बर. पुढे उणे १.५ आणि मागे उणे १.० पासून निघा. लांब वळणात टेलिमेट्रीत बाहेरच्या चाकाचा कॅम्बर शून्याच्या जवळ यायला हवा. तो अधिकमध्ये जात असेल तर आणखी ०.२ उणे करा. वळणात उणे एकच्या खालीच राहत असेल तर उगाच जास्त दिला आहे, आणि सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायर आतल्या कडेवरच घासतो. रस्त्यावर उणे चार कॅम्बर दिलेल्या गाड्या फोटोत छान दिसतात, ब्रेक लागत नाहीत.

टोला शक्यतो हात लावू नका. टो म्हणजे चाकांचे चवडे आत वळलेत की बाहेर ते. पुढची चाकं किंचित फेंगडी, म्हणजे टो आउट ०.१, केली तर गाडी वळणात पटकन शिरते पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते. मागची चवडे आत वळवलेली, टो इन ०.१ ते ०.२, केली तर शेपूट शांत राहतं. यापुढे गेलात तर चाकं सतत थोडी आडवी घासत राहतात आणि वेग खातात. कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) साडेपाच ते सातच्या मध्ये कुठेही ठेवा आणि विसरा.

आता खरी जागा: अँटीरोल बार आणि स्प्रिंग. कन्नडच्या औट्रम घाटात भरलेली एसटी वळणावर कशी बाहेरच्या अंगाला झुकते ते डोळ्यासमोर आणा. आतल्या चाकांवरचं वजन उठून बाहेरच्या चाकांवर जातं. टायरची एक खोड आहे: त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे एका एक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) आतल्या चाकाचं वजन बाहेरच्यावर जितकं जास्त सरकेल, तितकी त्या एक्सलची एकूण पकड घटते. अँटीरोल बार डाव्या-उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो, झुकाव कमी करतो, पण त्या बदल्यात आपल्याच एक्सलवर वजनाची ही सरकासरकी वाढवतो. म्हणून नियम असा: जिकडचा बार कडक, तिकडची पकड आधी सुटते. वळणाच्या मधोमध नाक बाहेर जातंय? पुढचा बार सैल करा किंवा मागचा कडक. शेपूट जातंय? उलट. ‘गाडी बाहेर जातेय, पुढचं कडक करतो’ ही जी पहिली ऊर्मी येते ना, ती बहुतेक वेळा चुकीची असते.

सुरुवातीचा आकडा वजनावरून काढा. स्लाइडर १ ते ६५ आहे. समजा गाडीचं ५६ टक्के वजन पुढे आहे. पुढचा बार: ६४ गुणिले ०.५६, अधिक १, म्हणजे ३६.८. मागचा: ६४ गुणिले ०.४४, अधिक १, म्हणजे २९.२. स्प्रिंगलाही हीच रीत, फक्त कमाल-किमान आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे. स्लाइडर २०० ते १००० असेल तर पुढे ८०० गुणिले ०.५६ अधिक २००, म्हणजे ६४८, आणि मागे ५५२. हे उत्तर नव्हे, निघायची जागा आहे. मागच्या चाकांची गाडी, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी, या आकड्यांवर बऱ्यापैकी चालते. पुढच्या चाकांची आणि चारचाकी ड्राइव्हची गाडी इथे हटकून नाक बाहेर टाकते. तिला पुढचा बार १० ने उतरवा, मागचा १० ने चढवा, मग दोन-दोनच्या पावलांनी चला. काही जण चारचाकी ड्राइव्हला पुढे १ आणि मागे ६५ ठेवून बसतात. घड्याळावर कधीकधी वेळही येतो, पण एका बाजूची चाकं कडेच्या उंचवट्यावर चढली की ती गाडी सांभाळणं सगळ्यांचं काम नाही.

बार की स्प्रिंग? बार फक्त झुकल्यावर काम करतो. ब्रेक मारताना किंवा सरळ रेषेत रेस देताना त्याचा जवळजवळ संबंध नाही. स्प्रिंग मात्र पुढे-मागे होणाऱ्या डोलण्यालाही धरते. शेतातून रस्त्यावर चढणारी उसाची ट्रॉली आठवा: मागे ओझं, ट्रॅक्टरचं तोंड हलकं, स्टिअरिंग नुसतंच फिरतं. गेममध्ये शक्तिशाली गाडीला वळणातून निघताना रेस दिली की हेच होतं, वजन मागे बसतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. तेव्हा मागची स्प्रिंग ५ टक्के कडक करा, गाडी कमी बसेल. मात्र मागची चाकंच जागेवर फिरत असतील तर ती सैल करायची, बसू द्यायची, कारण तिथे पकड मागे हवी आहे. दोन्ही तक्रारी ‘निघताना’च्याच, औषध उलटं. म्हणून नाक की शेपूट हे आधी ठरवा.

उंची जितकी खाली नेता येईल तितकी न्या, पण टेलिमेट्रीत सस्पेन्शन तळाला टेकू देऊ नका. टेकलं की त्या क्षणी स्प्रिंग उरतच नाही, टायरवर एकदम ओझं येतं आणि वेगवान वळणात गाडी विनाकारण सुटल्यासारखी वाटते. लोक याला ओव्हरस्टिअर समजून मागचा बार उतरवत बसतात. दोष उंचीचा असतो. उंची दोन-तीन काटे वाढवा, नाहीतर स्प्रिंग थोडी कडक करा.

डॅम्पिंग म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअप. स्प्रिंग किती दबायचं ते ठरवते, शॉकअप किती पटकन ते ठरवतो. बम्प म्हणजे दबताना, रिबाउंड म्हणजे परत उघडताना. स्लाइडर १ ते २०. वरच्याच गाडीला रिबाउंड पुढे १९ गुणिले ०.५६ अधिक १, म्हणजे ११.६, मागे ९.४. बम्प त्याच्या साधारण ६० टक्के: पुढे ७, मागे ५.६. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोनदा-तीनदा डोलत असेल तर रिबाउंड ०.५ ने वाढवा. कडेचा कर्ब लागताच गाडी उडत असेल तर बम्प कमी करा. रिबाउंड फार चढवण्याचा धोका वेगळाच आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुका रस्त्यासारखे ओळीने खड्डे आले की चाक पहिल्या खड्ड्यानंतर पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते. शेवटी तळाला टेकते. मेक्सिकोच्या कच्च्या रस्त्यांवर हे फार होतं.

डिफरन्शियल सर्वांत जास्त गैरसमजाचा टॅब, आणि आपल्याकडच्या माणसाला खरं तर सर्वांत सोपा. काळ्या रानात पाऊस झाला की ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्यावर असूनही गप्प उभं राहतं. उघडं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. मग ड्रायव्हर पायाने डिफ लॉक दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, ट्रॅक्टर निघतो. पण लॉक सोडायचं विसरून वळायला जा: पुढची चाकं वळलेली आणि ट्रॅक्टर सरळच. स्लाइडरवर ० म्हणजे उघडं, १०० म्हणजे पाय लॉकवर ठेवलेला. ॲक्सिलरेशनचा आकडा रेस देतानाचा, डिसेलरेशनचा रेस सोडल्यावरचा.

मागच्या चाकांच्या गाडीला ॲक्सिलरेशन ५० आणि डिसेलरेशन २० पासून निघा. वळणातून निघताना टेलिमेट्रीत फक्त आतलं मागचं चाक फिरत असेल तर ॲक्सिलरेशन ५ ने वाढवा. दोन्ही चाकं फिरून शेपूट निघत असेल तर ५ ने उतरवा. रेस सोडून वळणात शिरताना शेपूट हलत असेल तर डिसेलरेशन वाढवा. शिरायलाच तयार नसेल तर कमी करा. कीबोर्डवाल्यांनी ॲक्सिलरेशन ३५-४० पर्यंत उतरवायला लाजू नये, कारण तुमचा पाय नेहमीच पूर्ण दाबलेला असतो. पुढच्या चाकांच्या गाडीला ॲक्सिलरेशन २० ते ३०, डिसेलरेशन जवळजवळ शून्य. चारचाकी ड्राइव्हला पुढे २० आणि ०, मागे ६० आणि १५, आणि पुढे-मागे वाटला जाणारा जोर ७० टक्के मागे. नाक अजूनही बाहेर पळत असेल तर तो ७५ करा.

ब्रेक. कोणत्या बाजूला सरकवल्याने पुढचा ब्रेक वाढतो हे स्लाइडरच्या पाटीवरून ठरवू नका, चाकांवरून ठरवा. एबीएस तात्पुरता बंद करा, सरळ रस्त्यावर ताशी १५० वरून पूर्ण ब्रेक मारा आणि टेलिमेट्रीत कोणती चाकं आधी थांबतात ते पाहा. पुढची किंचित आधी थांबायला हवीत. मागची आधी थांबली तर गाडी गिरकी घेते. ५० वरून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते. कंट्रोलरवर एबीएसशिवाय खेळत असाल तर ब्रेक प्रेशर असं लावा की ट्रिगर नव्वद टक्के दाबल्यावर चाकं थांबावीत. मग बोटाला अंदाज राहतो.

एअरो, म्हणजे हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारे पंख, फक्त वेगवान वळणांसाठी. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० ला मिळतो त्याच्या चौपट १६० ला. यावरून निदानही सोपं होतं: हळू वळणात गाडी ठीक आणि वेगवान वळणात शेपूट हलतं, तर मागचा पंख वाढवा. दोन्हीकडे हलत असेल तर पंखाचा दोष नाही, परत बारकडे जा. पंख वाढवला की सर्वोच्च वेग घटतो, म्हणून गिअर सर्वांत शेवटी: सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या टोकाला शेवटच्या गिअरमध्ये आरपीएम लाल रेषेच्या जरा अलीकडे यावा. आधीच लाल झाला तर फायनल ड्राइव्हचा आकडा कमी करा. शेवटचा गिअर लागतच नसेल तर वाढवा.

‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ हा दुसरा रेसिंग गेम खेळणाऱ्यांना वरचं तत्त्व तेच लागू, आकडे नाहीत. तिथल्या जीटी३ वर्गाच्या रेसिंग गाडीला कोरड्या ट्रॅकवर गरम टायरचा दाब साधारण २६ ते २७ पीएसआय हवा. शर्यत दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपत असेल तर हवा थंड होत जाते आणि दाब उतरतो, त्यामुळे पिटमधल्या दुसऱ्या टायर सेटला सुरुवातीचा दाब थोडा चढवून ठेवावा लागतो.

प्रत्येक बदलानंतर सेटअप सेव्ह करा. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पीसी नाही. नावात गाडीचं नाव लिहू नका, ते गेम दाखवतोच. ‘ए डांबर ४’, ‘एस१ माती २’ असा वर्ग, रस्ता आणि कितवा प्रयत्न ते लिहा, म्हणजे पाचवा बिघडला तर चौथ्यावर परत जाता येतं. आणि ग्रुपवर कोड टाकलाच तर सोबत एक ओळ लिहा: कंट्रोलर, कीबोर्ड की व्हील, एबीएस चालू की बंद, आणि निघताना शेपूट मुद्दाम सैल ठेवलं आहे की नाही.